रिमोटवरचा हॉट एअर बलून लोकांना दाखवताना: आखणी, दोर, गॅस आणि वारा

रिमोटने बलून फक्त वर-खाली करता येतो. कुठे जायचं ते वारा ठरवतो. म्हणून लोकांसमोर तो मोकळा सोडायचा नाही, दोरांनी बांधूनच उडवायचा. मोकळ्या उड्डाणाची हौस रिकाम्या माळावर, प्रेक्षक नसताना भागवावी.

मात्र बांधलेल्या बलूनला वारा जास्त छळतो. मोकळा बलून वाऱ्याबरोबर वाहत जातो, त्यामुळे त्याच्या कापडाला वारा जवळजवळ जाणवतच नाही. बांधलेला सगळा वारा अंगावर घेतो. ५० घनमीटरच्या बलूनचा व्यास साधारण साडेचार मीटर असतो. ताशी ११ किमी वाऱ्यात त्यावर चार-पाच किलोचा आडवा जोर येतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट, म्हणजे अठरा-वीस किलो. मग कापडाला खळगा पडतो, बलूनचं खालचं उघडं तोंड आत दबतं आणि त्यानंतर मारलेली ज्योत थेट कापडावर जाते. बलून जळण्याचं हे नेहमीचं कारण.

म्हणून वाऱ्याची मर्यादा आधीच कागदावर लिहून ठेवा: वाऱ्याचे झोत धरून ताशी १० किमी, त्यापुढे कार्यक्रम रद्द. हा निर्णय एकाच माणसाचा असावा, आणि तो माणूस आयोजकांपैकी नसावा. गर्दी जमल्यावर आयोजकाच्या तोंडून ‘रद्द’ निघत नाही. वारा जमिनीलगत नव्हे, उंच काठीवर मोजा. हेलियमचा एक लहान फुगा सोडून पाहिला तर वरचा वाराही कळतो.

वेळ सूर्योदयानंतरचे किंवा सूर्यास्तापूर्वीचे दोन तास. दुपारी तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचे झोत उठतात आणि शांत दिसणारी हवा क्षणात उसळते. शिवाय उचलही घटते. आतली हवा सरासरी १०० अंश सेल्सिअस धरली, तर समुद्रसपाटीजवळ ५० घनमीटरला बाहेर १० अंश असताना सुमारे १५ किलो उचल मिळते, ३५ अंशांना जेमतेम १०. यातूनच कापड, बास्केट, बर्नर, भरलेलं सिलिंडर, बॅटरी आणि वर उचललेल्या दोरांचं वजन जायचं आहे. सगळं काट्यावर तोला, अंदाज करू नका. उचल कमी पडली म्हणून आणखी तापवत राहिलात, तर माथ्याजवळच्या नायलॉनचा लेप आधी खराब होतो, मग शिवण.

रिमोटच्या रेडिओत एकच गोष्ट जिवावरची आहे: फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटल्यावर काय व्हावं याचं सेटिंग. सिग्नल तुटला की बलूनवरचे काही रिसीव्हर सर्व्होला, म्हणजे झडप फिरवणाऱ्या छोट्या मोटरला, शेवटच्या स्थितीतच धरून ठेवतात. त्या क्षणी बर्नर उघडा असेल तर तो उघडाच राहतो. सिग्नल जाताच बर्नर बंद, असं सेटिंग करा आणि गॅस न जोडता ट्रान्समीटर बंद करून खात्री करा. बॅटरीच संपली तर फेलसेफही चालत नाही. त्यासाठी आपोआप मिटणारी स्प्रिंगची झडप लागते. माथ्याच्या पॅराशूट झडपेला, म्हणजे गरम हवा बाहेर सोडणाऱ्या कापडी झाकणाला, वेगळा सर्व्हो द्या. तारा आणि सर्व्हो बर्नरच्या खाली, उष्णतारोधक पत्र्याआड बसवा.

गॅस प्रोपेनच घ्या. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास जवळजवळ दाबच देत नाही, त्यामुळे ब्युटेन जास्त असलेल्या मिश्रणावर थंड सकाळी ज्योत मरते. सिलिंडर ८० टक्क्यांच्या वर भरू नका. द्रवाला फुगायला जागा हवी. प्रत्येक जोड साबणाच्या पाण्याने तपासा. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने गळलेला गॅस खड्ड्यात साचतो, म्हणून गॅस भरण्याची जागा प्रेक्षकांपासून दूर आणि सखल नसलेली हवी. विमान वाहतूक नियामक, अग्निशमन दल आणि जागेचा मालक यांची परवानगी लेखी घ्या.

एका बलूनला पाच माणसं: एक रिमोटवर, दोन तोंड धरायला, एक माथ्याच्या दोराला, एक अग्निशामक घेऊन. कपडे सुती, हातमोजे चामड्याचे; सिंथेटिक कापड वितळून कातडीला चिकटतं.

कापड वाऱ्याच्या दिशेने पसरा: तोंड वारा येतो तिकडे, माथा पलीकडे. आधी दोर बांधा, पंखा नंतर. दोर तीन, एकमेकांपासून १२० अंशांवर, त्यांपैकी दोन वारा येतो त्या बाजूला. ते बर्नरच्या चौकटीला अडकवा. बास्केटच्या विणीला किंवा कापडाला कधीच नाही. उंची दहा मीटर पुरे. पंख्याने बलून तीन-चतुर्थांश भरला की तोंड ताणून धरून ज्योतीचे छोटे झोत मधोमध मारा. कापड उठू लागल्यावर माथ्याचा दोर हळूहळू सोडत जा. एकदम सोडला तर बलून झोके खातो आणि तोंड बर्नरवर येतं.

उभ्या बलूनला एक-दोन सेकंदांचे झोत पुरतात. परिणाम दिसायला काही सेकंद लागतात, आणि नवखा माणूस तेवढ्यात दुसरा, तिसरा झोत देतो. मग बलून उसळून दोरांना हिसका देतो. वाऱ्यात आणखी एक फसवणूक होते. घुमटावरून वाहणारा वारा स्वतःच थोडी उचल देतो. वारा पडला की ती जाते आणि पुरेसा गरम वाटलेला बलून धपकन खाली येतो. वाऱ्यात बलून आपोआप हलका झाला तर खूश होऊ नका.

प्रेक्षकांचा दोरखंड बांधणीच्या दोराच्या लांबीच्या निदान दीडपट अंतरावर, वारा वाहत जातो त्या बाजूला त्याहून लांब. मुलांना बास्केट जवळून दाखवायची असेल तर सिलिंडर काढून, वेगळ्या टेबलावर.

कार्यक्रम अंधारात असेल तर बलून वर न्यायची गरजच नाही. जमिनीवर उभा करून नुसता उजळवा. निळी ज्योत तापवते पण उजळवत नाही. न तापवलेला द्रव गॅस जाळणाऱ्या बर्नरची पिवळी ज्योत हवी, आणि कापड फिकट. गडद निळं किंवा काळं कापड रात्री काळंच दिसतं. तीन बलून असतील तर मोजणी करून एकदम पेटवा, मग एकेक.

शेवटी सिलिंडरची झडप बंद करून नळीतला उरलेला गॅस जाळून टाका, मगच बर्नरला हात लावा. सिलिंडर आधी आणि नंतर तोला. पुढच्या वेळी किती गॅस लागेल ते त्या फरकावरून ठरवा. दवाने ओलावलेलं कापड तसंच पिशवीत कोंबलं तर बुरशी धरते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पंख्यावर फुगवून सुकवा आणि त्याच वेळी तोंडाजवळच्या पट्ट्यांवर करपल्याच्या खुणा शोधा.