आडनाव एकच, घराणी दहा: जुन्या दप्तरांत कुळाचा शोध घेताना या चुका टाळा

मोडी कागदाचा एक फोटो, त्यातला ‘जाधव’ एवढाच शब्द कुणीतरी वाचून दिलेला, आणि खाली प्रश्न: ‘म्हणजे आम्ही सिंदखेडच्या लखुजी जाधवांचे ना?’ असे मेसेज मला वर्षभर येतात. कुणबी नोंदींच्या निमित्तानं गावोगावची दप्तरं उघडली गेली, तेव्हापासून जरा जास्तच. माझं उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. असालही, पण या कागदावरून ते ठरत नाही.

या नादाची माझी स्वतःची पहिली दोन वर्षं अशीच वाया गेली. त्यामुळे खालच्या बहुतेक चुका ऐकीव नाहीत, केलेल्या आहेत.

आडनाव जुळलं म्हणजे रक्त जुळलं, असं धरणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आडनाव बदलतं, मिळतं, बक्षीस येतं, कधी कृतज्ञतेपोटी घेतलंही जातं. इचलकरंजीचे घोरपडे बघा. मूळ पुरुष नारो महादेव जोशी, कोकणातले ब्राह्मण. संताजी घोरपड्यांच्या आश्रयानं पुढे आले आणि धन्याचंच आडनाव लावू लागले. आता कुणी ‘घोरपडे’ या एका शब्दावर कापशी, मुधोळ आणि इचलकरंजी एका झाडाला टांगली तर काय होईल? अक्कलकोटचंही तसंच. राणोजी लोखंडे या मुलाला शाहू महाराजांनी जवळ केलं आणि तो फत्तेसिंह भोसले झाला. सातारा, नागपूर, अक्कलकोट या तिन्ही ठिकाणी भोसलेच, पण नागपूरकर हिंगणीकर भोसले आणि अक्कलकोटकर मूळचे लोखंडे.

उलटंही घडतं: कूळ एक आणि आडनावं निराळी. फलटणचे निंबाळकर मूळचे पवार, निंबळक गावावरून निंबाळकर झाले. जतचे डफळे मूळचे चव्हाण, डफळापूरच्या पाटीलकीवरून डफळे. म्हणजे नुसतं ‘निंबाळकर’ शोधत मागे गेलात तर एका टप्प्यावर वाट संपते आणि तुम्हाला वाटतं, कागदच नाहीत. कागद असतात. नाव दुसरं असतं.

मोरे, शिंदे, गायकवाड, पवार, जाधव ही आडनावं तर अनेक जातींत आहेत. त्यात नवल काही नाही आणि त्यावरून कुणी कुणाला मोठं-छोटं ठरवायचंही कारण नाही. आडनावाच्या जोरावर जात किंवा कूळ सांगता येत नाही, एवढंच.

हुद्द्याला आडनाव समजणं

पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, जोशी, इनामदार, पोतदार, सबनीस, चिटणीस ही आधी कामं होती, आडनावं मागाहून झाली. गावोगाव पाटील, गावोगाव कुलकर्णी. दोन गावांच्या पाटलांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही, आणि एकाच गावात दोन घराण्यांत पाटीलकी वाटलेलीही सापडते.

शिवाय जुन्या कागदात पाटील ‘पाटील’ म्हणून भेटेलच असं नाही. तो ‘मोकदम’ म्हणून येतो. ‘पाटील’ शोधणारा वाचक त्याच्या शेजारून निघून जातो. हुद्द्यामागे दडलेल्या आडनावाचं ठळक उदाहरण नाना फडणवीस. बाळाजी जनार्दन, आडनाव भानू. पेशव्यांचं आडनाव भट.

कागदात आडनाव असणारच, या भरवशावर राहणं

वरची दोन नावं पुन्हा वाचा: नारो महादेव, बाळाजी जनार्दन. स्वतःचं नाव, बापाचं नाव, बस्स. अठराव्या शतकातल्या कितीतरी कागदांत माणूस असाच येतो. फार तर ‘मोकदम, मौजे अमुक’ अशी जोड. गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, म्हणजे गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यातही बऱ्याचदा नाव, बापाचं नाव आणि जात एवढंच असतं.

म्हणून शोध आडनावानं नाही, गावानं सुरू करायचा. गाव, तर्फ, परगणा (गावांचे जुने गट), मग वतन (पिढीजात हक्काचं काम किंवा जमीन), मग माणसांची नावं आणि सगळ्यात शेवटी आडनाव. पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दप्तरसुद्धा आडनावांच्या क्रमानं लावलेलं नाही. शाहू दप्तर, रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास असे त्याचे भाग आहेत, आणि कागद कापडी रुमालांत बांधलेले. तिथं जाऊन ‘आमच्या आडनावाचे रुमाल द्या’ म्हणणाऱ्याला रुमाल मिळत नाहीत. मिळतो तो एक दमलेला कटाक्ष. मीही तो घेतलाय.

नावांच्या बाबतीत एक गोष्ट कामाला येते. आजोबाचं नाव नातवाला ठेवायची पद्धत असल्यानं एका घरात दोन-तीन नावं आलटून पालटून येतात. त्याचा उपयोग खुणेसारखा होतो, पण घातही तिथंच होतो. राणोजीचा मल्हारजी आणि मल्हारजीचा राणोजी अशी साखळी असेल, तर कुठला राणोजी ते सनावरूनच ठरतं.

सन वाचताना घाई

इथं माझी फजिती सांगतो. मी जुळवलेल्या एका वंशावळीत एक गृहस्थ मरण पावल्यानंतर नऊ वर्षांनी महजरावर, म्हणजे गावसभेच्या निवाड्याच्या कागदावर, साक्ष घालताना सापडले. भूत वगैरे काही नव्हतं. फसली आणि शुहूर या जुन्या कागदांतल्या दोन वेगळ्या कालगणना. कागद फसली सनाचा होता आणि मी तो शुहूर सन धरून वाचला होता. दोन्ही सन मृग नक्षत्राला, म्हणजे जूनच्या सुमारास बदलतात, दोन्ही आकडे अकराशेच्या घरात असतात आणि दोघांत फरक बरोबर नऊचा. फसली सनात ५९० मिळवले की जून ते डिसेंबरचं इसवी साल मिळतं, आणि जानेवारीपासून मृगापर्यंत ५९१. शुहूरला तेच ५९९ आणि ६००. शकात ७८, पण पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथीला बहुधा ७९. राज्याभिषेक शकाची सुरुवात १६७४ मध्ये. हिजरी मात्र चांद्र वर्ष, त्याला ठरावीक आकडा मिळवून चालत नाही. त्याला कोष्टकच लागतं.

शुहूर सन अंकात न लिहिता अरबी शब्दांत लिहितात, तेही एककापासून वर. ‘अर्बा सबैन मया व अलफ’ म्हणजे चार, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७४. त्यात ५९९ मिळवा: १७७३, नारायणराव पेशव्यांच्या खुनाचं साल.

तो खून आठवला की ‘ध’चा ‘मा’ आठवतोच. गोष्ट खरी असो वा नसो, मोडी वाचणाऱ्यानं ती भिंतीवर लावावी अशी आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळे धरत नाहीत, शब्द एकमेकांना चिकटून येतात, अक्षर सराईताचं असेल तर आणखीच पळतं. वर सिंदे-शिंदे, भोंसले-भोसले, पवार-पंवार-पोवार अशी रूपं एकाच काळात नांदतात. नाव मनात ठरवून कागदाकडे गेलात की ते नाव दिसतंच. म्हणून मोडी वाचणाऱ्याला आपलं आडनाव आधी सांगू नका. फोटो द्या आणि म्हणा, ‘काय लिहिलंय ते सांगा.’

भांडणातल्या वंशावळीवर डोळे मिटून विश्वास

वंशावळी सर्वांत जास्त कुठे सापडतात? वतनाच्या भांडणांत. करीना आणि कैफियत (पक्षकारानं लिहून दिलेली हकीकत), महजर, निवाडपत्र हे कागद वाचायला कादंबरीसारखे असतात: मूळ पुरुष कोण, त्याला मुलगे किती, थोरला कोण, कोण परागंदा झाला, तक्षिमा (वाटण्या) कशा पडल्या. पाच-सहा पिढ्या एका दमात हातात येतात आणि शोधणारा हरखतो.

पण करीना लिहून देणारा इतिहासकार नव्हता, दावेदार होता. वडीलपण आपल्या शाखेकडे यावं म्हणून थोरला धाकटा होतो, चुलता ‘निपुत्रिक’ ठरतो, दत्तक ‘औरस’ होतो. समोरच्या पक्षाचा कागद सापडेपर्यंत ती वंशावळ अर्धीच समजा. दोघांनीही मान्य केलेल्या गोष्टी सगळ्यात भरवशाच्या, कारण भाऊबंदकीत उगाच कुणी काही मान्य करत नाही. इंग्रजी आमदानीतल्या इनाम चौकशीच्या कागदांनाही हाच न्याय. इनाम टिकवायचं होतं, म्हणून प्रत्येकाची सनद जुनी आणि वंश अखंड!

निवाड्याच्या कागदात साक्षीदारांची यादी असते ती वाचायचा कंटाळा करू नका. शेजारच्या गावचा मोकदम, बलुतेदार, शेटे-महाजन ही नावं गावाची ओळख पक्की करतात. वडगाव किंवा पिंपळगाव नावाची ढीगभर गावं असताना तुमचं वडगाव कुठलं, ते साक्षीदारांच्या गावांवरून कळतं.

किरकोळ वाटणाऱ्या, पण आडव्या येणाऱ्या गोष्टी

इंग्रजी कागदात शिंद्यांचे सिंधिया आणि गायकवाडांचे गायकवार होतात, तेव्हा उच्चारावरून सगळी शक्य रूपं शोधा. लग्नानंतर बाईचं आडनाव आणि कित्येकदा नावही बदललेलं असतं. माहेरची शाखा हवी असेल तर बारसं-लग्नाच्या याद्या आणि वारसाचे फेरफार चाळा. फेरफारात वारसांची नाती लिहिलेली असतात, सातबाऱ्याच्या उताऱ्यावर नुसती नावं.

तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यांच्या नामावळी आणि दक्षिणेकडे हेळव्यांच्या (पिढीजात वंशावळी सांगणाऱ्यांच्या) वह्या हा मोठा ठेवा, पण तिथंही आधी गाव सांगावं लागतं. छापील कुलवृत्तांत (घराण्याच्या माहितीचं पुस्तक) असेल तर उत्तमच, फक्त त्यातला कुठला भाग कागदावरून आणि कुठला आठवणीवरून आलाय ते पाहा. एकाच आडनावाची घराणी निरनिराळ्या गोत्रांची असतात, हेही तिथंच उघड दिसतं.

जातीच्या दाखल्यासाठी शोध चालू असेल तर आणखी एक. सापडलेल्या नोंदीतलं आडनाव तुमच्याशी जुळतं, एवढ्यावर भागत नाही. त्या माणसापासून तुमच्यापर्यंतची प्रत्येक पिढी कागदानं जोडावी लागते. म्हणून शोध आजपासून मागे न्या: तुमचा दाखला, वडिलांचा, मग आजोबांचा शाळेतला प्रवेश निर्गम उतारा, मग फेरफार, मग कोतवाल बुक, आणि त्यानंतर मोडी.

एवढं करूनही मधली एक पिढी सापडली नाही, तर तिथं टिंबांची रेघ ओढा आणि शेजारी तारीख टाका. सरळ रेघ ओढायचा मोह फार होतो. माझ्या जुन्या वहीत अशा चार सरळ रेघा आहेत. त्यातल्या तीन पुढे खोडाव्या लागल्या, चौथीचा कागद अजून शोधतोय.