दिवसा पेढी, रात्री शाळा : मुंबईत कमावता कमावता शिकणाऱ्यांसाठी

18 जानेवारी 1982 रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर लालबाग-परळमधील ज्या घरांत चूल कशीबशी पेटत राहिली, त्यांपैकी एका घरात माझे बालपण गेले. आई खानावळ चालवीत असे, वडील मिळेल ते काम करीत, आणि आठवीनंतर मी मशीद बंदरच्या एका पेढीवर चहा आणण्यापासून हिशेबाच्या वह्या लावण्यापर्यंतची कामे करू लागलो. दहावी रात्रशाळेतून झाली, पदवी सकाळच्या महाविद्यालयातून, आणि पुढे बँकेत लिपिक म्हणून लागलो. ‘जिद्द कशी टिकवायची?’ असे विचारणारी मुले मला आजही भेटतात, आणि माझे उत्तर त्यांना बहुधा रुक्ष वाटते. बसायला जागा, ठरलेली वेळ आणि मुदतीत काढलेले दाखले असतील, तर जिद्द टिकते. नसतील, तर भल्याभल्यांची ओसरते.

मुंबईच्या गरिबीत पैशाइतकीच जागेची चणचण असते. दहा बाय बाराच्या खोलीत कुणी झोपलेले असते, कुणी रात्रपाळीहून आलेले असते. तिथे मनाचा निर्धार कितीही पक्का असला तरी दिवा लावून बसता येत नाही. म्हणून पहिले काम अभ्यासिका शोधण्याचे करावे. महानगरपालिकेच्या आणि स्थानिक मंडळांच्या अभ्यासिका अनेक विभागांत आहेत, आणि 1898 साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थांनी पिढ्यान्‌पिढ्या वाचणाऱ्यांना आसरा दिलेला आहे.

रात्रशाळेविषयी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी : तिथे शिकवण्याचे तास दिवसाच्या शाळेपेक्षा कमी असतात, पण दहावीची प्रश्नपत्रिका तीच असते. दिवसभर राबून आलेल्या मुलाच्या डोक्यात रात्री नऊनंतर बीजगणित शिरत नाही, हा आळस नाही. गणित आणि इंग्रजी सकाळी कामावर जाण्यापूर्वी उरकावे आणि रात्रीचा वेळ भाषा-इतिहासासारख्या विषयांना द्यावा, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. शाळा पूर्णच सुटली असेल, तर 17 नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसता येते. फक्त त्याची मुदत परीक्षेच्या कितीतरी महिने आधी संपते.

पदवीसाठी मुंबई विद्यापीठाचे दूरशिक्षण 1971 पासून आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून उपलब्ध आहे. तरीही ज्यांचे काम उशिरा सुरू होते, त्यांनी सकाळचे महाविद्यालय निवडावे, असे मला वाटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 1946 मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्या तरुणांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. बाकावर शेजारी बसलेला मुलगाही इथून थेट कामावर जाणार आहे, हे रोज दिसले की स्वतःची कीव करण्याची सवय सुटते. घरबसल्या शिकताना हा आधार मिळत नाही.

दाखल्यांच्या बाबतीत मात्र थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण हुशार मुले इथेच अडकतात. शुल्कमाफी आणि शिष्यवृत्तीचे अर्ज आता महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर भरावे लागतात आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला चालू मुदतीतला लागतो. जातीच्या दाखल्यासाठी कुटुंबाच्या मूळ वास्तव्याचा जुना पुरावा मागतात : अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा. आजोबा साताऱ्याहून किंवा कोकणातून गिरणीत आले असतील, तर तो कागद बहुधा गावच्या शाळेच्या रजिस्टरात किंवा तलाठ्याच्या दप्तरात सापडतो. त्यामुळे गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जाल, तेव्हाच हे काम करून यावे. प्रवेशाच्या धावपळीत रजा मिळत नाही आणि मालकही कुरकुर करतो.

उशिरा शिकणाऱ्याने वयाचे गणितही मांडून ठेवावे. राष्ट्रीयीकृत बँकांतील लिपिक पदांसाठी आयबीपीएस या बँकभरतीच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या परीक्षेची सर्वसाधारण कमाल वयोमर्यादा 28 वर्षे आहे. इतर मागासवर्गीयांना तीन आणि अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षांची सवलत मिळते. राज्य लोकसेवा आयोगाची मर्यादा खुल्या वर्गासाठी 38, मागासवर्गीयांसाठी 43 आहे. पदवी पंचविशीत हाती येणार असेल, तर बँकेची तयारी शेवटच्या वर्षापासूनच सुरू करावी.

नोकरी लागल्यावर पहिला पगार घरातच खर्ची पडतो, आणि तो पडावाही. मात्र त्यातला थोडा भाग पुढच्या परीक्षांच्या शुल्कासाठी बाजूला राहील, हे आईवडिलांना आधीच सांगून ठेवावे. धाकट्या भावंडांचा खर्च समोर उभा राहिला की हा विषय काढणे जड जाते. सरकारी बँकेत लागलेल्यांनी जेएआयआयबी ही बँक कर्मचाऱ्यांसाठीची व्यावसायिक परीक्षा लवकर द्यावी, कारण ती उत्तीर्ण झाल्यावर मूळ वेतनात एक वाढ मिळते आणि घरी देण्याच्या रकमेत त्या महिन्यापासूनच फरक पडतो.