स्टेनलेस बोल्ट मारला म्हणजे काम संपलं? किनाऱ्यावर या चुका टाळा

देवगड असो की हर्णै, गंजावर उपाय विचारला की फॅब्रिकेटरपासून होडीवाल्यापर्यंत सगळे एकच सांगतात: "स्टेनलेस मारा." बोल्ट टिकतो, हे खरं. पण तो ज्याच्यात बसवलाय ते ॲल्युमिनियमचं सेक्शन किंवा जीआयचा (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचा) अँगल हळूहळू खाल्ला जातो. खोलायला जावं तर बोल्टाचं डोकं चकचकीत आणि वॉशरच्या कडेने पांढरी भुकटी फुगलेली. कोकणातल्या बहुतेक तक्रारी या एका चित्रात बसतात.

आधी एक गोष्ट तपासा: नट जाम कधी झाला? आवळता आवळताच झाला असेल तर त्याचा खाऱ्या हवेशी संबंध नाही. स्टेनलेसवर ऑक्साइडचा पातळ थर असतो. दाबाखाली आटे घासले की तो निघतो आणि उघडा धातू उघड्या धातूला चिकटतो. याला गॉलिंग म्हणतात. इम्पॅक्ट ड्रायव्हरने स्टेनलेस नट सपकन आवळणं हे त्याचं मुख्य कारण. नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला) असेल तर उष्णता आणखी वाढते. आटे ब्रशने साफ करा, लुब्रिकंट लावा, शेवटचे फेरे हातपान्याने सावकाश द्या. नट मध्येच जड झाला तर जोर लावू नका, लगेच उलटा फिरवून काढा. पूर्ण धरला असेल तर ग्राइंडरने कापण्यावाचून इलाज नसतो.

लावताना नीट बसलेला बोल्ट पावसाळ्यानंतर हलत नसेल, तर मामला वेगळा. दोन वेगळे धातू, त्यांचा थेट स्पर्श आणि मधे खारट ओलावा: एवढं जमलं की बारीक बॅटरी तयार होते. तिच्यात जस्त आणि ॲल्युमिनियम झिजतात. स्टेनलेस, पितळ, तांबं शाबूत राहतात. ॲल्युमिनियमचा गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो आट्यांत ठासून बसतो.

हा ओलावा फक्त पावसाचा नसतो. साधं मीठ 75 टक्क्यांच्या आसपास आर्द्रतेला पाणी ओढून ओलं होतं, आणि समुद्राच्या मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर जेमतेम 33 टक्क्यांना. उघड्यावरचं मीठ पाऊस धुऊन तरी नेतो. सज्जाखालचे, पत्र्याच्या पोटातले, सोलर पॅनेलखालचे जोड धुतलेच जात नाहीत, आणि सगळ्यात आधी तेच जातात. पावसाळा संपला की दर पंधरा दिवसांनी तिथे गोड्या पाण्याचा पाइप मारा.

आता नेहमीच्या चुका. पहिली चूक: मोठ्या स्टेनलेसवर छोटा ॲल्युमिनियम रिव्हेट. मोठ्या ॲल्युमिनियम सेक्शनला चार स्टेनलेस स्क्रू, ही जोडी खारं वारं बरंच सोसते. उलटी जोडी, म्हणजे स्टेनलेसच्या पन्हळीला ॲल्युमिनियमचे पॉप रिव्हेट किंवा स्टेनलेस प्लेटला जीआय बोल्ट, लवकर सुटते. झिजणारा तुकडा छोटा असला की सगळी झीज त्याच्यावरच येते. हे जुनंच दुखणं आहे. ब्रिटिश आरमाराच्या 'अलार्म' जहाजाला 1761 मध्ये तांब्याचे पत्रे लोखंडी खिळ्यांनी ठोकले होते. 1763 च्या तपासणीत बरेच खिळे खाल्लेले निघाले. जिथे पत्रा आणि खिळा यांच्यामध्ये तपकिरी कागद टिकला होता तिथले शाबूत होते.

दुसरी चूक: वॉशर एकाच बाजूला. त्या कागदाचं काम आज नायलॉनचं वॉशर करतं, पण दोन्ही बाजूंना घातलं आणि भोकात बुशही (बोल्टाच्या दांडीभोवतीची नायलॉनची नळी) बसवलं तरच. नाहीतर बोल्टाची दांडी भोकाच्या कडेला टेकतेच. 8 मिमी बोल्ट आणि 1 मिमी जाडीचं बुश असेल तर भोक साधारण 10.5 मिमी पाडा. नायलॉनचं वॉशर धातूच्या वॉशरपेक्षा थोडं मोठं असू द्या, म्हणजे कडेवरून मिठाचा पूल होत नाही. मल्टिमीटरची एक पिन बोल्टावर, दुसरी सेक्शनवर ठेवा (रंग किंवा ॲनोडायझिंगचा थर खरवडून). बीप वाजला तर कुठेतरी स्पर्श आहे. नायलॉन दाबाखाली बसतं, म्हणून काही दिवसांनी बोल्ट पुन्हा तपासा.

सोलरच्या स्ट्रक्चरला मात्र हा उपाय डोळे झाकून करू नका. तिथे फ्रेम अर्थिंगला जोडलेली असावीच लागते. सगळं अलग केलंत तर अर्थिंग तुटेल. अर्थिंगचा जोड वेगळा द्या: ॲल्युमिनियमवर उघडं तांबं न टेकवता टिन केलेली (कथिलाचा थर दिलेली) लग, म्हणजे तारेच्या टोकाची पट्टी, वापरा, आवळून झाल्यावर जोड वरून सील करा.

तिसरी चूक: हाताला येईल ते ग्रीस. तांब्याची पूड असलेलं अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) ॲल्युमिनियममध्ये घालू नका. तांबं आणि ॲल्युमिनियम आमनेसामने आणल्यासारखं होतं. ग्राफाइटही टाळा. जस्ताचं किंवा मरीन दर्जाचं, धातूची पूड नसलेलं अँटी-सीझ घ्या, आणि ते आट्यांवर व डोक्याखालीही लावा. डब्ल्यूडी-40 हा त्याला पर्याय नाही. लुब्रिकंट लावलेला बोल्ट त्याच टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) जास्त ताणला जातो, म्हणून कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्क 20 ते 30 टक्के कमी करा. उत्पादकाने वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळा.

चौथी चूक: रंग फक्त ॲल्युमिनियमला. रंगाला ओरखडा पडला की सगळी झीज त्या एका टिंबात उतरते आणि आरपार भोक पडतं. दोन्ही धातू रंगवा. एकच रंगवायचा असेल तर स्टेनलेस रंगवा.

पाचवी चूक: "चुंबक चिकटत नाही, म्हणजे 304." 304 आणि 202 या स्टेनलेसच्या जाती. 202 ला सुद्धा सहसा चुंबक चिकटत नाही आणि किनाऱ्यावर ते लवकर डागाळतं. डोक्यावरचा शिक्का बघा: ए2 म्हणजे 304 च्या जातीचं, ए4 म्हणजे 316 च्या. लाटांचे तुषार पोहोचतात तिथे ए4 च घ्या.

सहावी चूक: खाडीत जस्ताचा ॲनोड, म्हणजे स्वतः झिजून होडीचा बाकीचा धातू वाचवणारा तुकडा. गोड्या पाण्यात जस्तावर थर बसतो आणि ते काम करेनासं होतं. पावसाळ्यात खाडीचं पाणी जवळपास गोडं होतं, म्हणून वर्षभर खाडीत उभ्या राहणाऱ्या होडीला ॲल्युमिनियमचा ॲनोड बरा. त्यावर रंग मात्र चढवू नका.

बोल्ट आधीच अडकला असेल तर पेनिट्रंट (आट्यांत शिरणारं पातळ तेल) मारून रात्रभर ठेवा. सकाळी आधी किंचित आवळायच्या दिशेने झटका द्या, मग उलटा. नाही हलला तर पेनिट्रंट पूर्ण पुसा, नाहीतर पेट घेईल, आणि हीट गनने बोल्ट सोडून भोवतालचं ॲल्युमिनियम तापवा. ते स्टेनलेसपेक्षा जास्त प्रसरण पावतं. डोकं तुटलंच तर मधोमध ड्रिल करून हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवा. ते हेलिकॉइलही स्टेनलेसचंच असतं, तेव्हा त्याच्या बाहेरच्या आट्यांनाही अँटी-सीझ लावा.