ऑटोकॅडमध्ये पॉइंट नेमका कसा पकडायचा, आणि खरंच वेळ वाचवणारे थोडे शॉर्टकट

ऑटोकॅड म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे आणि ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर, त्याच्या शॉर्टकटच्या याद्या सगळीकडे फिरत असतात, लाइनला एल, सर्कलला सी, मूव्हला एम, आणि खाली लिहिलेलं असतं की एवढे दोनशे पाठ करा, स्पीड डबल होईल. नाही होत. कमांड सुरू करायला एखादा सेकंद लागतो, खरा वेळ जातो तो त्यानंतर, जेव्हा ऑटोकॅड पॉइंट मागतं आणि तुम्ही माउस घेऊन एका कोपऱ्याभोवती घिरट्या घालत बसता, मध्येच एक कन्स्ट्रक्शन लाइन मारता, तिचा मध्य पकडता आणि मग ती पुसता. कीबोर्डचा फायदा तिथे आहे. एल आणि सी तुम्हाला येतात असं धरूनच पुढे लिहितोय.

सोपं आधी उरकतो. कमांड लाइन रिकामी असताना स्पेसबार दाबला की मागची कमांड परत सुरू होते. कमांड लाइनच गायब झाली तर कंट्रोल + ९. ट्रिममध्ये (लाइन छाटताना) शिफ्ट धरलं की तेवढ्यापुरतं एक्स्टेंड, म्हणजे लाइन वाढवता येते. फिलेटमध्ये (दोन लाइन गोल कोपऱ्याने जोडताना) दुसरी लाइन शिफ्ट धरून निवडली की रेडियस कितीही सेट असू दे, कोपरा टोकाला टोक जुळून येतो, सारखा रेडियस शून्य करत बसायचं कारण नाही. लाइन काढताना एक क्लिक चुकला तर एस्केप मारून सगळं नव्याने सुरू करू नका, यू टाइप करून एंटर, फक्त शेवटचा तुकडा मागे जातो आणि कमांड चालूच राहते.

आता पॉइंट पकडणं. इथे मी स्वतः बरेच महिने चुकलोय म्हणून सविस्तर सांगतो.

ओएस टाइप करून एंटर करा, ऑब्जेक्ट स्नॅपची खिडकी उघडेल. स्नॅप म्हणजे कर्सर टोक, मध्य, केंद्र अशा नेमक्या जागेवर आपोआप पकडून देणारी सोय. त्यात ‘सिलेक्ट ऑल’ असं बटण आहे. कोणीही कितीही सांगितलं तरी ते दाबू नका. ‘सगळे स्नॅप चालू ठेवा, काहीतरी पकडेलच’ हा मी ऐकलेला सगळ्यात वाईट सल्ला आहे, कारण काहीतरी पकडलं जातं हेच तर दुखणं आहे. एंडपॉइंट, मिडपॉइंट, सेंटर, इंटरसेक्शन, एवढे चार चालू ठेवा. आणि निअरेस्ट, म्हणजे लाइनवरची कर्सरला जवळची कुठलीही जागा पकडणारा स्नॅप, कायमचा बंद.

निअरेस्टचा माझा अनुभव असा. एक मोठा प्लॅन मी निअरेस्ट चालू ठेवून काढला. भिंती स्क्रीनवर एकदम नीट जुळलेल्या, डायमेन्शन सगळीकडे ३००० दाखवतंय. मग सगळ्या लाइन जोडून एक सलग पॉलिलाइन करायला, म्हणजे जॉइन करायला गेलो तर काही केल्या जॉइन होईना. एका कोपऱ्यावर झूम करत गेलो, करत गेलो, तेव्हा दिसलं की आडवी लाइन उभ्या लाइनच्या टोकाला नव्हतीच, टोकाच्या जराशी अलीकडे टेकली होती आणि उभ्या लाइनचं शेपूट बाहेर राहिलं होतं. डायमेन्शनची प्रिसिजन शून्यावर होती, त्यामुळे २९९९.६ सुद्धा ३००० म्हणून दिसत होतं. दुसऱ्या कोपऱ्यातही तेच, तिसऱ्यातही. अख्खा प्लॅन कोपऱ्या-कोपऱ्याने दुरुस्त करावा लागला. कर्सर टोकापासून थोडा जरी सरकलेला असला तरी निअरेस्ट आधी हात मारतो, म्हणून असं होतं. चिन्हावर लक्ष ठेवा, एंडपॉइंटला चौकोन दिसतो आणि निअरेस्टला वाळूच्या घड्याळासारखा आकार. आणि काम चालू असताना डायमेन्शन स्टाइलमध्ये प्रिसिजन दोन दशांश ठेवा, प्रिंटच्या वेळी कमी करा.

मग बाकीचे स्नॅप लागले तर काय करायचं? टाइप करायचं. कमांड पॉइंट मागत असताना स्नॅपच्या नावाची पहिली तीन अक्षरं आणि एंटर, तो स्नॅप फक्त पुढच्या एका क्लिकपुरता चालतो आणि बाकी सगळे तेवढ्यापुरते गप्प बसतात. लंब टाकायचा तर पी-ई-आर. दोन वर्तुळांना स्पर्शिका काढायची तर लाइन सुरू करा, टी-ए-एन, पहिल्या वर्तुळावर क्लिक, परत टी-ए-एन, दुसऱ्यावर क्लिक. काहीच पकडायला नको असेल तर एन-ओ-एन. निअरेस्ट खरंच हवा असेल तेव्हा एन-ई-ए, त्या एका क्लिकपुरता, बस. अक्षरं आठवली नाहीत तर शिफ्ट धरून राइट क्लिक केलं की सगळी यादी येते. आणि गर्दीच्या जागी भलताच पॉइंट पकडला जात असेल तर माउस न हलवता टॅब दाबत रहा, जवळचे स्नॅप एकामागून एक फिरतात, हवा तो आला की क्लिक.

याच्या पुढचे दोन अजून कामाचे. पहिला एम-२-पी. पॉइंट मागितला की हे टाइप करायचं आणि दोन जागी क्लिक करायचं, त्या दोन्हींचा बरोबर मध्य मिळतो. खोलीच्या मधोमध लाइटचा ब्लॉक (तयार चिन्ह) ठेवायचाय? समोरासमोरचे दोन कोपरे क्लिक करा, झालं, कर्ण काढायचा नाही आणि नंतर पुसायचाही नाही.

दुसरा फ्रॉम, आणि याच्यात एक खड्डा आहे. समजा कोपऱ्यापासून ४५० सोडून खिडकीचा रेक्टँगल काढायचाय. रेक्टँगल सुरू करा, पहिला कॉर्नर मागितला की फ्रॉम टाइप करून एंटर, भिंतीचा कोपरा एंडपॉइंटने पकडा, मग @४५०,० टाइप करून एंटर, आणि तिथून रेक्टँगल पुढे काढा. ते @ विसरायचं नाही. डायनॅमिक इनपुट (कर्सरजवळच आकडे टाइप करायची सोय) चालू असलं की दुसरा पॉइंट आपोआप मागच्या पॉइंटपासून मोजला जातो, त्यामुळे @ टाइप करायची सवयच सुटते, पण फ्रॉममध्ये ती सोय नाही, तिथे @ नसेल तर ऑटोकॅड थेट ०,० पासून मोजतं आणि तुमचा रेक्टँगल प्लॅनपासून कुठल्या कुठे जाऊन पडतो. मी त्याच्यावर एक अख्खी दुपार घालवली आहे, स्नॅप तपासले, यूसीएस (ड्रॉइंगचे अक्ष) तपासला, आणि राहिलं होतं ते एक @. डावीकडे किंवा खाली जायचं असेल तर आकड्याआधी वजा लावा.

एकाच दिशेने सरकायचं असेल तर फ्रॉमचीही गरज नाही. एफ११ ने स्नॅप ट्रॅकिंग चालू ठेवा, कर्सर कोपऱ्यावर नेऊन थांबा, क्लिक करू नका, छोटी अधिकची खूण आली की हव्या दिशेला सरकवा आणि तुटक रेघ दिसत असतानाच ४५० टाइप करून एंटर. हे सगळं फक्त लाइनसाठी नाही हां, मूव्ह, कॉपी, रोटेट, जिथे जिथे बेस पॉइंट मागतात तिथे एम-२-पी आणि फ्रॉम दोन्ही चालतात. कंट्रोल + शिफ्ट + सी ने बेस पॉइंट देऊन कॉपी करतानासुद्धा.

चुकून काही इरेझ झालं आणि त्यानंतर बरंच काम करून बसलात, तर अनडू करत मागे जाऊ नका. ऊप्स अशी कमांड आहे, शेवटचं इरेझ केलेलं तेवढं परत येतं आणि नंतरचं काम जसंच्या तसं राहतं. मध्ये पर्ज (न वापरलेल्या गोष्टी काढून टाकणारी कमांड) करून त्या वस्तूचा लेयरच काढून टाकला असेल तर मात्र नाही.

राहिले स्वतःचे शॉर्टकट. मॅनेज टॅबमध्ये एडिट एलिअसेस आहे, तिथून शॉर्टकट साठवलेली पीजीपी फाइल उघडते. वरच्या ओळींना हात लावू नका, फाइलच्या शेवटी युझरसाठी वेगळी जागा दिलीय तिथेच लिहा, एकच अक्षर दोनदा आलं तर खालचं धरलं जातं, आणि नवीन व्हर्जनवर जाताना याच जागेतल्या ओळी पुढे नेल्या जातात. एक कळकळीची विनंती, मूळची अक्षरं दुसऱ्या कमांडला देऊ नका. सी म्हणजे कॉपी केलंत की दुसऱ्याच्या मशीनवर बसल्यावर दर वेळी सर्कल सुरू होणार. रिकामी जोड-अक्षरं घ्या, दोन-चारच. फाइल सेव्ह केल्यावर ऑटोकॅड बंद करायची गरज नाही, रीइनिट टाइप करा, पीजीपी फाइलसमोर टिक करा, ओके.