कोपॉलिमर करताना या चुका टाळा: फ्लास्कमध्ये ओतलं तेच साखळीत जात नाही

विदर्भातल्या तालुक्याच्या कॉलेजांत एम.एस्सी.चे पॉलिमर प्रकल्प बहुधा दोन प्रकारचे असतात. एक, स्टायरीन आणि मिथाइल मेथाक्रिलेटचा कोपॉलिमर, म्हणजे दोन वेगळे मोनोमर (सुटे छोटे रेणू) जोडून केलेली लांब साखळी. दुसरा, कोरडवाहू शेतात पाणी धरून ठेवणारा ॲक्रिलिक ॲसिड-ॲक्रिलामाइडचा हायड्रोजेल. दोन्हींच्या अहवालात एक वाक्य वारंवार भेटतं: ‘मोनोमर ५०:५० घेतले, म्हणून पॉलिमर ५०:५० आहे.’ सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

पऱ्हाटी आणि तुरीचं बी मोजून पेरलं तरी शेतात काय उभं राहील ते उगवणीवर ठरतं. इथेही साखळीच्या टोकाचा रॅडिकल (सुटा इलेक्ट्रॉन असलेलं, जोडायला टपलेलं टोक) कोणत्या मोनोमरला आधी जोडून घेतो, यावर सगळं अवलंबून आहे. मेयो आणि लुईस या रसायनशास्त्रज्ञांनी १९४४ मध्ये हे समीकरणात बसवलं. रॅडिकल स्वतःच्या जातीचा मोनोमर ज्या वेगाने घेतो, त्याला परका मोनोमर घेण्याच्या वेगाने भागलं की क्रियाशीलता गुणोत्तर मिळतं. ६० अंशांना स्टायरीनचं सुमारे ०.५२ आणि मिथाइल मेथाक्रिलेटचं ०.४६ आहे, म्हणून या जोडीत ५०:५० फीडमधून (फ्लास्कमधल्या मोनोमरच्या मिश्रणातून) जवळपास ५१:४९ पॉलिमर मिळतो. गंमत अशी की हीच सोपी जोडी आधी शिकल्यामुळे गैरसमज पक्का होतो. स्टायरीनसोबत व्हिनाइल ॲसिटेट घ्या. गुणोत्तरं साधारण ५५ आणि ०.०१. आता त्याच समसमान फीडमधून सुरुवातीला तयार होणाऱ्या पॉलिमरमध्ये ९८ टक्के स्टायरीन असतं. म्हणून बाटली उघडण्याआधी दोन्ही गुणोत्तरं शोधा आणि आकडा काढून पाहा.

याच जोडीत दुसरी चूक लपलेली आहे. क्रियाशील मोनोमर म्हणजे झटपट पॉलिमर, असं मुलं धरून चालतात. प्रत्यक्षात स्टायरीन चटकन जोडलं जातं, पण त्यातून होणारा रॅडिकल बेंझिनच्या कड्यामुळे स्थिर असतो आणि व्हिनाइल ॲसिटेटला तो हात लावत नाही. त्यामुळे व्हिनाइल ॲसिटेटमध्ये थोडं स्टायरीन पडलं तरी अभिक्रिया अडून बसते. अशा वेळी इनिशिएटर (अभिक्रिया सुरू करणारं रसायन) वाढवत बसू नका, जोडी बदला. ब्युटाइल ॲक्रिलेटही व्हिनाइल ॲसिटेटपेक्षा आधी संपतं, पण ते एकदम न ओतता हळूहळू सोडलं तर साखळ्या बऱ्याच एकसारख्या होतात. रंग आणि गोंदासाठीची इमल्शनं अशीच केली जातात.

आता लाइन जाण्याबद्दल. वॉटर बाथ बंद पडला की ‘तापमान बदललं, गुणोत्तर चुकलं’ म्हणून काही जण सगळंच फेकून देतात. तेवढं घाबरायचं कारण नाही. गुणोत्तर दोन वेगांचं असल्याने तापमानाने ते फारसं हलत नाही, वेग मात्र खूप बदलतो. खरा धोका कन्व्हर्जनचा, म्हणजे किती टक्के मोनोमरचा पॉलिमर झाला याचा आहे. जास्त क्रियाशील मोनोमर आधी संपत जातो, फीड बदलतं आणि पुढच्या साखळ्या वेगळ्याच बनतात. मेयो-लुईसचं साधं समीकरण वापरायचं तर कन्व्हर्जन ५ ते १० टक्क्यांच्या आत ठेवा. घड्याळावर विसंबू नका, पॉलिमर वाळवून वजन करा. अभिक्रिया थांबवताना फ्लास्क बर्फात ठेवा, अभिक्रिया रोखणारं थोडं हायड्रोक्विनोन टाका आणि मग पॉलिमर खाली पडावा म्हणून मिथेनॉलमध्ये ओता.

हायड्रोजेल करणाऱ्यांनी पीएच न नोंदवणं ही मला सर्वांत वाईट वाटणारी चूक, कारण त्याविना पुढच्या विद्यार्थ्याला तुमचा प्रयोग पुन्हा करताच येत नाही. आम्लधर्मी द्रावणात ॲक्रिलिक ॲसिड ॲक्रिलामाइडपेक्षा क्रियाशील असतं. कॉस्टिक सोड्याने उदासीन केलं की त्याचे ऋणभारित आयन होतात, साखळीच्या टोकाचा ऋणभार त्यांना दूर ढकलतो आणि ॲक्रिलामाइड पुढे जातं. मोनोमर तेच, प्रमाण तेच, पण जेल वेगळा. ॲक्रिलामाइड मज्जासंस्थेला घातक आहे, हातमोजे घालाच.

अभिक्रिया सुरूच होत नसेल तर इनहिबिटर (मोनोमर साठवणीत जोडला जाऊ नये म्हणून घातलेलं रसायन) काढला का आणि ऑक्सिजन घालवायला नायट्रोजन पुरेसा सोडला का, हे आधी बघा. एआयबीएन हा इनिशिएटर फ्रिजमध्येच ठेवा. आपल्या मे महिन्यात कपाटातलं एआयबीएन भरवशाचं राहत नाही.

प्रयोगातून गुणोत्तरं काढण्याच्या आकडेमोडीत फाइनमन-रॉस पद्धतीची सरळ रेषा सोपी वाटते, पण टोकाचे बिंदू तिला ओढतात. कोणत्या मोनोमरला पहिला म्हटलं यावरही उत्तर बदलतं. केलेन-ट्यूडोसची १९७५ ची पद्धत किंवा संगणकावर नॉनलिनियर फिट (सरळ रेषा न करता मूळ समीकरणच आकड्यांशी जुळवणं) वापरा. गुणोत्तर ऋण आलं तर ते छापू नका, नमुना तपासा: एनएमआरसाठी (साखळीतलं मोनोमरचं प्रमाण मोजणाऱ्या चाचणीसाठी) नागपूरला पाठवण्याआधी पॉलिमर पुन्हा विरघळवून, पुन्हा मिथेनॉलमध्ये पाडून नीट वाळवला होता का? उरलेला मोनोमर पॉलिमरच्या हिशेबात मिसळतो.