जुनं मॉडर्न घर ‘लोकल लँडमार्क’ करताय? या चुका टाळा

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या रॉलीत 1948 साली स्कूल ऑफ डिझाइन सुरू झालं. डीन हेन्री कॅम्फोफ्नर यांनी तिथे तरुण आर्किटेक्ट शिकवायला आणले आणि त्यांनी शहराच्या झाडीत ‘मॉडर्न’ शैलीची, सपाट छपरांची, मोठमोठ्या काचांची घरं बांधली. पुढच्या दोन दशकांत तशी घरं आसपासच्या गावांतही उभी राहिली. आज या भागात मराठी वस्ती चांगलीच वाढली आहे. त्यातलं एखादं घर तुमच्या हाती आलं असेल, तर ते जपण्यासाठी शहराकडून लँडमार्क, म्हणजे जपण्याजोगी वास्तू, म्हणून नोंदवून घ्या. पण अर्ज करण्याआधी हे वाचा.

राष्ट्रीय यादीवर विसंबू नका

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. घर नॅशनल रजिस्टरवर, म्हणजे ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत, आहे म्हणजे आता त्याला कोणी हात लावू शकत नाही, असं लोक धरून चालतात. तसं नाही. ती यादी मानाची आहे, पण खासगी मालकाने स्वतःच्या पैशाने घर पाडायचं ठरवलं तर ती त्याला अडवत नाही. जेम्स फिट्झगिबन यांनी रॉलीत बांधलेलं पाश्चल हाउस 1950 सालचं. 1994 मध्ये ते या यादीत आलं आणि 2013 मध्ये जमीनदोस्त झालं. खरा अधिकार गावाच्या हाती असतो. सिटी कौन्सिलने स्थानिक कायदा मंजूर करून घराला लँडमार्क ठरवलं, की बाहेरून दिसणाऱ्या बदलांसाठी हेरिटेज कमिशनचं, म्हणजे वारसा जपणाऱ्या स्थानिक मंडळाचं, प्रमाणपत्र घ्यावं लागतं.

अर्जाआधी घर ‘सुधारू’ नका

आपल्याकडे पाहुणे यायचे म्हटलं की आधी रंगरंगोटी होते. इथे तो उत्साह घराच्या मुळावर येतो. लँडमार्क ठरण्यासाठी घराचं महत्त्व पुरेसं नसतं. मूळ रचना, साहित्य, कारागिरी आणि परिसर किती शाबूत आहे, हेही पाहिलं जातं. कोरीवकाम असलेल्या जुन्या वाड्याची एखादी खिडकी बदलली तरी वाडा वाडाच राहतो. या घरांत नक्षी नसतेच, सगळं सौंदर्य प्रमाणात आणि जोडणीत असतं.

एक खिडकी जवळून पाहा. कित्येक घरांत काच सरळ लाकडी खांबांच्या खाचेत बसवलेली असते आणि तिला धरून ठेवते फक्त एक बारीक लाकडी पट्टी. ती काढून प्लॅस्टिकची चौकट बसवली की बोटभर रेषेच्या जागी चार बोटांचा पांढरा पट्टा येतो. आतल्या छताच्या फळ्या काचेपलीकडे छज्ज्याखाली तशाच पुढे गेलेल्या असतात. नजर त्या फळ्यांवरून बाहेर जायची, ती आता त्या पट्ट्यावर अडते. विटांना रंग देणं, कारपोर्ट (गाडी ठेवायची उघडी छपरी) बंद करून खोली काढणं, गळतीला कंटाळून सपाट छपरावर उतरतं छप्पर चढवणं, या प्रत्येक कामाने तुमचा अर्ज कमजोर होतो. गळती मात्र तातडीने थांबवा. आर्किटेक्ट एदुआर्दो कातालानो यांचं दोन टोकांवर टेकलेल्या वळणदार छपराचं 1954 सालचं घर रिकामं पडून खराब होत गेलं आणि 2001 मध्ये पाडलं गेलं.

आर्किटेक्टच्या नावावर भिस्त नको

शेजारी सांगतात, ‘हे आर्किटेक्ट मात्सुमोतोंनी बांधलंय.’ एवढ्यावर अर्जासोबतचा अहवाल उभा राहत नाही. परमिट, मूळ नकाशे, जुने फोटो, रजिस्टर ऑफ डीड्सकडची खरेदीखतं गोळा करा. नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीच्या ग्रंथालयात जॉर्ज मात्सुमोतो यांची कागदपत्रं जपलेली आहेत. आर्किटेक्ट नामवंत नसला तरी निराश होऊ नका. त्या वस्तीत, त्या काळात हे घर वेगळं का ठरलं, ते पुराव्यानिशी मांडता आलं पाहिजे. अहवाल राज्याच्या जतन कार्यालयाकडे अभिप्रायाला जातो, मग जाहीर सुनावणी, मग मंजुरी. वेळ लागतो, तो धरूनच चाला.

आतला भाग आणि झाडं विसरू नका

खासगी घराचा आतला भाग आपोआप संरक्षणात येत नाही. मालकाने संमती दिली आणि जपायच्या गोष्टी नेमक्या नोंदवल्या, तरच येतो. या घरांत बाहेर आणि आत असा भेद फारसा नसतो, म्हणून माझं स्पष्ट मत आहे की संमती द्यावी. लाकडी छत, शेकोटीची भिंत, भिंतीतच बसवलेली कपाटं नावानिशी लिहा. हद्दही फक्त भिंतींपुरती आखू नका. उतार आणि झाडं पाहूनच घराची जागा ठरली होती.

करसवलत समजून घ्या

लँडमार्क ठरल्यावर नॉर्थ कॅरोलायनात मालमत्ता कराची निम्मी रक्कम पुढे ढकलली जाते. त्यासाठी काउंटीच्या कर कार्यालयात वेगळा अर्ज करावा लागतो. आणि ही माफी नव्हे. मालकाच्या कृतीने घराचा दर्जा गेला, तर मागच्या 3 वर्षांची सवलत व्याजासह परत भरावी लागते. आगीत किंवा नैसर्गिक आपत्तीत घर गेलं तर ही वसुली होत नाही.

लँडमार्क म्हणजे कायमचं कवच नव्हे

पाडण्याची परवानगी मागणाऱ्या मालकाला कमिशन सहसा जास्तीत जास्त 365 दिवस थांबवू शकतं. तेवढ्यात समजूत काढायची, नवा खरेदीदार शोधायचा. त्यानंतर बुलडोझर येऊ शकतो. तुमच्यामागे घर राहावं असं मनापासून वाटत असेल, तर प्रिझर्वेशन नॉर्थ कॅरोलायनासारख्या संस्थेशी जतनाचा करार करून तो खरेदीखताशी जोडा. तो पुढच्या प्रत्येक मालकावर बंधनकारक राहतो. पण हे घर विकायला काढण्याआधीच करा. खरेदीदाराची सही झाली, की करार करायचा की नाही हे तो ठरवणार.