टीममधला पोरगा बाईक अपघातात गेला तर मागे राहिलेल्यांनी काय करायचं

हे टीममेट, कोच आणि जवळच्या मित्रांसाठी लिहितोय, घरच्यांसाठी नाही, कारण आईवडलांना दुःख कसं करा हे सांगायचा हक्क कुणालाच नसतो. मुलगी असो की मुलगा, खाली सगळं सारखंच लागू आहे, मी आपलं 'तो' म्हणतोय. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, पहिल्या आठवड्यात सगळेच धावून येतात, घर माणसांनी भरून जातं, खरी गरज लागते ती तीन-चार महिन्यांनी, जेव्हा सीझन परत सुरू झालेला असतो, त्याच्या पोझिशनवर दुसरा खेळत असतो आणि त्याच्या घरचा फोन वाजायचा जवळजवळ बंद झालेला असतो. त्यामुळे सगळा जीव पहिल्या आठवड्यातच ओतून मोकळे होऊ नका.

बातमी कळली की

पहिलं काम म्हणजे ग्रुपवर काहीही न टाकणं. घरच्या सगळ्यांना कळलंय हे पक्कं होईपर्यंत फोटो नाही, स्टेटस नाही, तुटलेल्या हृदयाचा इमोजी पण नाही. बहीण लांब कुठेतरी हॉस्टेलवर असते आणि तिला भाऊ गेल्याचं कुणाच्या तरी स्टेटसवरून कळतं, हे खरंच होतं, आणि ते तिच्या मनातून कधीच जात नाही. दुसरं, अपघाताच्या जागेचे फोटो व्हिडिओ हमखास फिरायला लागतात. तुमच्याकडे आले की पुढे पाठवू नका, डिलीट करा आणि पाठवणाऱ्याला तोंडावर सांगा की बाबा हे थांबव. कुणाकडे तपासाला उपयोगी पडेल असं काही असेल तर ते पोलिसांना द्या, इतर कुणालाही नाही.

टीमला कोचने समोर बसवून सांगावं, फोनवर नाही. शब्द साधे वापरा, "काल रात्री बाईकच्या अपघातात तो वारला." 'देवाघरी गेला', 'आपल्याला सोडून गेला' हे मोठ्यांना कळतं, लहान बॅचमधल्या पोरांना नाही कळत, ती विचारतात मग परत कधी येणार. सांगून झालं की लगेच पांगू देऊ नका, कुणाला रडायचंय त्याला रडू दे, कुणाला गप्प बसायचंय तो गप्प बसू दे, आणि जो अजिबात रडत नाहीये त्याला दगडाच्या काळजाचा समजू नका, काहींना महिन्याभराने फुटतं.

आणि हे तर मी हात जोडून सांगतो, त्या दिवशी अंत्यविधीला जाताना पोरांना बाईकवर जाऊ देऊ नका. रात्रभर झोप नाही, डोकं ठिकाणावर नाही, डोळे भरलेले, आणि तिघं तिघं एका गाडीवर बसून निघतात. एक मोठी गाडी करा, सगळे एकत्र जा, एकत्र या. त्याच्या आठवणीत बाईक रॅली काढायची टूम कुणीतरी काढतोच, तिला तिथल्या तिथे नाही म्हणा, भावना कितीही खरी असली तरी.

"स्पीडमध्ये असेल", "हेल्मेट होतं का?"

हे प्रश्न येणारच, आणि विचारणारे वाईट नसतात. माणसाला आतून वाटत असतं की त्याची काहीतरी चूक निघाली तर आपण सेफ आहोत. पण तुमच्या तोंडून निघालेलं वाक्य फिरत फिरत त्याच्या आईपर्यंत पोचतं. विचारलं तर एवढंच म्हणा, "मला माहीत नाही, आणि आत्ता त्यावर बोलायचं नाहीये."

हेल्मेटबद्दल बोलायला हवंच, ते मी टाळा म्हणत नाहीये. जगभरात ५ ते २९ वयाच्या लोकांमध्ये मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण रस्ते अपघात आहे असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि बाईकवाल्यांनी हेल्मेट घातलं तर जीव जायचा धोका साधारण ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला मार बसायचा धोका ६९ टक्क्यांनी कमी होतो असं अभ्यासांमध्ये दिसलंय. म्हणजे हे तुमच्याच टीममधल्या वयाचं प्रकरण आहे. फक्त ते बोलणं महिना-दोन महिन्यांनी करा, वेगळं सेशन घेऊन, आणि त्याचं नाव धडा म्हणून न वापरता. पोरं स्वतःच जोडतात, जोडून द्यावं लागत नाही.

जो मागे बसला होता आणि वाचला

या माणसाकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. मागे बसलेला, किंवा ज्याने आपली बाईक चालवायला दिली, किंवा ज्याने "अरे ये ना लवकर, सगळे थांबलेत" म्हणून फोन केला. तो आतल्या आत जळत असतो आणि घरच्यांसमोर जायला घाबरतो. त्याला लगेच "तुझी काही चूक नाही रे" म्हणून गप्प करू नका, ते वाक्य त्याने ऐकलेलं असतं आणि ते त्याला पटत नाही. त्याला त्या रात्रीचं सगळं सांगू दे, परत परत तेच सांगत असला तरी, दहाव्यांदाही तितकंच लक्ष देऊन ऐका. घरी जायचं असेल तर एकटा पाठवू नका, कुणीतरी बरोबर जा. झोप अजिबात नाही, किंवा "मीच जायला पाहिजे होतो" असं बोलतोय, दारू वाढलीये, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर किंवा समुपदेशक गाठा.

अजून एक माणूस हमखास राहून जातो. त्याची मैत्रीण, जिच्याबद्दल घरी माहीत नव्हतं. तिला कुणी भेटायला येत नाही, तिला कुठे बसायचं तेही कळत नाही. टीममधल्या दोघा-तिघांना माहीत असतंच. घरी परस्पर काही सांगू नका, पण तिला फोन करत राहा.

परत ग्राउंडवर

कधी सुरू करायचं याचा नियम नाही. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाचा बॅट्समन फिलिप ह्यूजला बाउन्सर लागला आणि २७ नोव्हेंबरला तो गेला, तेव्हा ४ डिसेंबरची भारताविरुद्धची टेस्ट पुढे ढकलली आणि ९ तारखेला ॲडलेडला सिरीज सुरू झाली, शर्टावर त्याचा टेस्ट कॅप नंबर ४०८ लावून. मधले ते दिवस त्यांना हवे होते. २०११ च्या जिरो दि इतालिया सायकल रेसमध्ये वाउटर वेलांट पडून गेला, तर दुसऱ्या दिवशी कुणी रेस लावलीच नाही, सगळे हळूहळू एकत्र चालवत राहिले आणि शेवटी त्याची टीम आणि त्याचा दोस्त टायलर फेरार एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून लाइन क्रॉस करून गेले. मग त्यांनी रेस सोडली. दोन्ही बरोबरच आहे. तुमच्याकडे मॅच असेल तर टीमला विचारा, पण सगळ्यांसमोर हात वर करायला लावू नका, एकेकट्याला विचारा, कारण ग्रुपमध्ये 'मला नाही खेळायचं' म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही. आणि 'त्याच्यासाठी जिंकायचंय' हे ओझं पोरांवर टाकू नका, हरलात तर काय, त्याला परत गमावलं का?

पहिल्या प्रॅक्टिसच्या आधी कोचने दोन कामं करून ठेवावी. हजेरीच्या यादीत त्याचं नाव आहे ते बघून ठेवा, नाहीतर सवयीने तोंडातून निघतं आणि मग कुणी काहीच बोलत नाही. आणि स्ट्रेचिंगला त्याची जोडी कोणाबरोबर असायची ते आठवा. सगळे आपापल्या पार्टनरबरोबर पाय ताणायला बसतात आणि त्याचा पार्टनर एकटा उभा राहतो, इकडे तिकडे बघतो, बुटाची लेस परत बांधतो. हे होऊ द्यायचं नाही. कोचने स्वतः जाऊन त्याच्यासमोर बसावं.

ट्रेनिंगचा लोड कमी ठेवा. झोप नसते, भूक नसते, लक्ष नसतं, दुखापती अशातच होतात. एखादा उलट दुप्पट मेहनत करायला लागतो, त्याला शाबासकी देण्याआधी जरा बाजूला घेऊन बोला. आणि ड्रेसिंग रूममध्ये कुणी हसलं तर त्याच्याकडे डोळे वटारू नका. १९९९ मध्ये मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या अभ्यासकांनी हेच मांडलं, की माणूस दुःखात जातो आणि परत रोजच्या जगण्यात येतो, परत जातो, परत येतो, आणि हे येणं-जाणं निरोगीच आहे. दुःखाचे ते पाच टप्पे वगैरे सगळे सांगतात ना, ते १९६९ मध्ये एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी मुळात मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून मांडले होते, त्यामुळे 'याचा रागाचा टप्पा अजून आला कसा नाही' असलं मोजमाप कुणाचंही करू नका.

किट बॅग

याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. त्याची बॅग ग्राउंडवर, लॉकरमध्ये किंवा कुणाच्या तरी गाडीत राहिलेली असते. कुणीतरी चांगल्या मनाने ती घरी नेतो, कपडे धुतो, घडी घालून आईला देतो. असं करू नका. धुवायच्या आधी विचारा. त्या घामाच्या टीशर्टला त्याचा वास असतो आणि तो परत कुठूनच मिळणार नसतो. अर्धा संपलेला टेपचा रोल, बुटाच्या आत दुमडून ठेवलेला मोजा, घड्या पडलेली टूर्नामेंटची पावती, सगळं जसंच्या तसं ठेवा. बॅग उघडून काही काढायचं असेल, म्हणजे सडणारं खाणं किंवा घरच्यांनी बघू नये असं काही, तर ते एकाच जवळच्या मित्राने काढावं आणि त्याची चर्चा करू नये. मग दोघांनी जाऊन बॅग हातात द्यावी, कुरियर नाही, वॉचमनकडे ठेवून येणं नाही.

जर्सी नंबरचं पण घाईत ठरवू नका. इटलीचा फुटबॉलपटू डेव्हिडे अस्तोरी २०१८ मध्ये गेला तेव्हा फिओरेंटिना आणि काल्यारी या त्याच्या दोन्ही क्लबांनी १३ नंबर कायमचा बंद केला, पण लहान क्लबला ते झेपेलच असं नाही, काही वर्षांनी कुणाला आठवणही राहत नाही आणि नंबर गुपचूप वाटला जातो, ते जास्त लागतं. त्यापेक्षा एक सीझन बंद ठेवा, मग आईवडलांना विचारून ठरवा. काही घरांना तो नंबर परत पळताना बघायचा असतो.

घरी गेल्यावर काय बोलायचं

कमी बोला. 'निदान त्रास तरी झाला नाही', 'आवडतं ते करत गेला', 'तुम्हाला दुसरा मुलगा आहे', यातलं एकही नाही. त्याच्या गोष्टी सांगा, त्यातही मेडल सोडून ज्या आहेत त्या, नवीन पोराला त्याने स्वतःचे पॅड दिले ती, हरल्यावर तो कसा वागायचा ती. घरच्यांना तो कप घेऊन उभा असलेला माहीत असतो, ग्राउंडवरचा रोजचा तो माहीत नसतो. एकदा सांगून थांबू नका, आठवेल तेव्हा व्हॉइस मेसेज करून पाठवा.

आणि हे लक्षात घ्या, की त्या घराचं सगळं टाइमटेबलच खेळावर चालत होतं. पहाटे उठवणं, ग्राउंडवर सोडणं, मॅचच्या तारखा बघून लग्नकार्यं ठरवणं. पोरगा गेला आणि त्याबरोबर त्या बापाची सकाळ पण गेली. म्हणून मॅचचं शेड्यूल त्यांना पाठवत राहा, 'यायलाच पाहिजे' न म्हणता. दर महिन्याला कोण जाणार याची टीममध्ये पाळी लावा, आणि वाढदिवस, फायनल, वर्षश्राद्धाची तारीख या तीन गोष्टी कॅलेंडरला टाकून ठेवा.

बऱ्याच महिन्यांनीही एखाद्याचं रोजचं जगणंच बंद पडलेलं असेल, ग्राउंडकडे बघवत नसेल, कशातच मन लागत नसेल, तर तज्ज्ञाकडे न्या. दुःख लांबून त्याचा आजार झालाय असं ठरवायला अमेरिकन मानसोपचाराच्या २०२२ च्या निकषांत मोठ्यांसाठी १२ महिने आणि लहान मुलांसाठी ६ महिने अशी मुदत दिलीये, पण मदत घ्यायला तेवढं थांबायची काहीच गरज नाही.

स्मृती टूर्नामेंट वगैरे करायची असेल तर पहिल्या महिन्यात घोषणा करू नका. आधी घरच्यांची परवानगी, मग पैशाचा हिशोब कोण ठेवणार ते दोन नावांनी लिहून ठेवा आणि दर वर्षी तो हिशोब घरच्यांना दाखवा, कारण त्याच्या नावाने जमलेल्या पैशावरून भांडण झालं तर ते त्या घरापर्यंत जातं. बक्षीस द्यायला आईवडलांना बोलवा पण दुसरा कुणीतरी तयार ठेवा, आणि त्यांना आधीच सांगा की त्या दिवशी सकाळी उठून नाही म्हणालात तरी चालेल.